ब्रेक कुणी दाबला?

महेशचा फोन आला तेव्हा मी नारळ खवत होते. महेश माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, पुण्यात नोकरीला. एरवी मावशीची आठवण त्याला दिवाळीत येते. त्यामुळे "मावशी, एक काम आहे, पण आईला सांगू नकोस," असं तो म्हणाला तेव्हा मी खवणी बाजूला सारली.

काम जरा विचित्रच होतं. त्याचे वडील, म्हणजे माझे दाजी, हिंगोली जिल्ह्यात डोंगरकड्याला शेती करतात आणि हळद निघाली की गावोगाव जाऊन लोकांची हळद शिजवून देतात. त्यासाठी दोन चाकांवर बसवलेला एक भलामोठा बॉयलर आहे. तो गाडीच्या मागे जोडून या शेतातून त्या शेतात न्यायचा. मागच्या हंगामात दाजींनी जुनी गाडी एका पुलाच्या कठड्यावर घातली. बैल आडवा आला, असं ते सांगतात. तो बैल दुसऱ्या कुणी पाहिला नाही. महेशनं त्यांना गाडी सोडा म्हणून परोपरीनं सांगितलं, ते ऐकेनात. शेवटी त्यानं नवीन पिकअप घेऊन दिली. समोर कुणी आलं की ती आपली आपण ब्रेक मारते, आणि मागे काही जोडलं तर तेही ओळखते म्हणे.

"मग आता अडचण काय?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात गाडी बिघडलेली आहे, उगाच थांबते. आता गाडी बिघडलीय की बाबांचंच काही बिघडलंय, हे मला इथे बसून कसं कळणार? तू जा, चार दिवस त्यांच्या शेजारी बस आणि मला खरं काय ते सांग."

मी स्कूटी चालवते, तीही मासळी बाजारापर्यंत. मला त्यातलं काय कळणार होतं? पण माझं माहेर परभणीचं. लग्न होऊन चिपळूणला आले ती इथलीच झाले, आणि ताईच्या घरी निवांत राहून तर कितीतरी वर्षं झाली होती. मी हो म्हणाले.

नांदेड ते डोंगरकडा

स्टेशनावर दाजी स्वतः आले होते. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, मिशा पूर्वीसारख्याच, फक्त पांढऱ्या.

"शालन, म्हातारी झाली की गं तू!"

"आन् तुमी काय पोरगं राहिलात का?" मी म्हणाले, आणि माझंच मला नवल वाटलं. चिपळूणला मी अशी बोलत नाही. गाडीतून उतरून दहा पावलं टाकली नाहीत तोच जीभ माहेराला पोचली होती.

पिकअप उंच होती. आत चढायला दाजींनी हात दिला. अर्धापूर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. आमच्याकडे रस्ता म्हणजे एक वळण संपायच्या आत दुसरं, त्यामुळे समोरून काय येतंय ते हॉर्नवरून ओळखायचं. इथे रस्ता सरळ. लांबून येणारी गाडी बराच वेळ दिसत राहते, जवळ आली की ड्रायव्हर चाकावरचा पंजा जरासा उचलतो, आणि दाजीही उचलतात.

पुढे केळी भरलेला एक टेम्पो चालला होता. मागून एक लांब पान लोंबत होतं, वाऱ्यानं इकडून तिकडे हलत होतं. एकाएकी गाडीत टूं टूं टूं असं वाजलं आणि पिकअप कचकन थांबली. माझी पिशवी पायाशी जाऊन पडली.

"मी न्हाई," दाजी दोन्ही हात वर करून म्हणाले. "तिनं मारला."

"हात खाली घ्या आधी!"

"बघ, शालन. केळीच्या पानाला भिते ही गाडी."

थोडं पुढे गेल्यावर रस्त्यावर एका झाडाची दाट सावली पडली होती. तिथेही ती थांबली. या वेळी मी डोळे ताणून पाहिलं. सावलीशिवाय काही नव्हतं. त्यानंतर उजवीकडच्या शेतातून शेळ्यांचा कळप आला. त्यांना पाहून मात्र दाजींनी गाडी काही वाजायच्या आधीच हळू केली आणि सगळ्या शेळ्या जाईपर्यंत शांतपणे थांबले. मी मनाशी म्हटलं, महेश उगाच घाबरतोय. माणूस ठणठणीत आहे, गाडी वेडी आहे.

डोंगरकडा

ताईनं जेवायला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ओल्या हळदीचं लोणचं केलं होतं. आमटी इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. ताई म्हणाली, "कोकणात जाऊन पार गुळगुळीत झाली तुझी जीभ." मी तिला सांगितलं की आमच्याकडे हळद लावतात ती पानासाठी, पानात पातोळ्या उकडायच्या, झालं. ती ऐकत राहिली. अंगणाच्या कडेला कापून टाकलेल्या हळदीच्या पानांचा हा एवढा ढीग पडला होता, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती.

"घेऊन जाय की मग," ती म्हणाली. "अख्ख्या चिपळूणला पुरतील."

जेवण झाल्यावर बॉयलर जोडायचा कार्यक्रम. हुक अडकवला, पिन घातली, साखळी लावली आणि शेवटी एक जाड वायर गाडीच्या मागच्या भोकात खुपसली. ही वायर बसली की गाडीला कळतं, मागे कुणीतरी आहे. तसं कळलं की समोरच्या काचेखाली, वेगाच्या काट्याशेजारी एका छोट्या गाड्याचं चित्र उमटतं. ते उमटलं. दाजींनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि चित्र गेलं. लगेच गाडी थांबली. मागे बॉयलर दिसला ना तिला! स्वतःच्याच पाठीला बांधलेल्या बॉयलरला ती अडथळा समजली.

ताईनं पदरानं वायरीचं टोक पुसलं. पिवळी धूळ निघाली. "हळद बसून राहिली ना आत," ती म्हणाली. चित्र परत आलं. गाडी चार हात मागे गेली, चित्र गेलं, गाडी थांबली. असं होता होता ऊन उतरलं.

मी बाजूला जाऊन महेशला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, ते चित्र महत्त्वाचं आहे. चित्र असेल तेव्हा गाडीला माहीत असतं की मागे वजन आहे, मग ती स्वतःहून ब्रेक मारत नाही. मारला तर मागचं वजन अंगावर येईल म्हणून. चित्र नसेल तर तिला वाटतं आपण एकट्याच आहोत, मग मारते."

"म्हणजे बॉयलर नेताना तुझे बाबा एकटेच."

"चित्र असेल तर."

"आणि चित्र येत-जात असेल तर?"

महेश म्हणाला, "म्हणून तर तुला पाठवलं."

कळमनुरीचा बाजार

दुसऱ्या दिवशी बॉयलर घरी ठेवून ताई, दाजी आणि मी कळमनुरीच्या आठवडी बाजाराला गेलो. ताडपत्र्या आणि सुतळी घ्यायची होती. बाजारात शिरल्यावर गाडीची जी तारांबळ उडाली ती काय सांगावी! माणसं पुढून, मागून, बोनेटला हात लावून चालली होती. गाडी टूं टूं करत एकेक वीत सरकत होती. मिरच्यांचा ढीग लावून बसलेली एक बाई उठून आली आणि काचेवर टकटक करून म्हणाली, "बाबा, तुमची गाडी रडून काहून राहिली?"

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

परत निघताना गर्दी संपली होती. दाजी ताईला मागे वळून काहीतरी सांगत नव्हते, फोनवर नव्हते, समोरच पाहत होते. डावीकडून एक माणूस रसाची हातगाडी ढकलत रस्त्यावर आला. सावकाश येत होता. मी त्याला कधीची पाहत होते. मला वाटलं, दाजीही पाहतायत. गाडीनं एकदम ब्रेक मारला.

"बघ, पुन्ना," दाजी वैतागून म्हणाले. "मी दाबणारच व्हतो. हिला दम निघत न्हाई."

असेल. मला तेही पटलं. माणूस दाबणारच असतो आणि यंत्र त्याच्या आधी दाबतं, यात माणसाची चूक कशी काढायची? पण दाजींचा पाय कुठे होता, हे मी पाहिलंच नव्हतं. त्यानंतर मी रस्त्याकडे पाहणं सोडून दाजींच्या पायाकडे पाहायला लागले. तर समोर काय आलं ते दिसेना. दोन्हीकडे एकदम पाहता येत नाही, आणि एकाकडे पाहून काही कळत नाही.

शिरड शहापूर

शिरड शहापूरच्या शंकररावांची हळद शिजवायची होती. सकाळी बॉयलर घेऊन दाजी आणि मी निघालो. ताईनं धपाटे आणि दह्याचा डबा दिला. त्या दिवशी चित्र आलं ते टिकून राहिलं. दाजी आतल्या रस्त्यांनी, कॅनॉलच्या कडेनं, बेतानं चालवत होते. गाणं गुणगुणत होते.

शंकररावांचं शेत म्हणजे सगळं पिवळं. खणून काढलेल्या कंदांचे ढीग, बायांचे हात पिवळे, कुत्र्याचे पायसुद्धा पिवळे. बॉयलर पेटला, ड्रममध्ये कंद भरले, वाफ सोडली, आणि थोड्या वेळानं जो वास सुटला त्याला मी अजून शब्द शोधतेय. ओली माती, आलं आणि देवघर एकत्र उकळावं तसा काहीसा. दाजी ड्रमचं झाकण उघडून एक कंद काढायचे, बोटानं दाबायचे, पुन्हा झाकायचे. गरम हळद ताडपत्रीवर ओतली की वाफेत माणसं दिसेनाशी व्हायची.

शंकरराव माझ्याजवळ येऊन बसले. "पाहुणीला काही तकलीफ न्हाई ना?" असं विचारून चहा दिला. इतका गोड की चमचा उभा राहील. मग आवाज खाली करून म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमचे दाजी मागच्या बारीला आमच्या बांधावर गाडी घालून गेले. हे लाकडाचे खांब पाडले. त्यायला कळलं बी न्हाई. मी काही बोललो न्हाई, मोठा माणूस."

"कुठल्या बाजूला?" मी सहज विचारलं.

"ह्या, डाव्या हाताला."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. खांब जुने असतील, बॉयलर रुंद आहे, वळताना लागला असेल. माझ्या मनात एकच चाललं होतं: महेशला आज काय सांगायचं?

परतीच्या वाटेवर

काम संपवून दुपार कलायच्या सुमाराला आम्ही निघालो. ऊन लख्ख होतं. रस्ता सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. मी धपाट्याचा उरलेला तुकडा डब्यातून काढत होते, म्हणजे माझी मान खाली होती.

तेवढ्यात गाडी थांबली. नुसती थांबली नाही; पुढे झुकली, आणि मागून बॉयलरनं आम्हाला असा धक्का दिला की डबा उडून काचेवर आदळला. सगळीकडे दही. मी मान वर केली तर बोनेटच्या अगदी समोर कडब्याची मोठी पेंढी दिसली, आणि पेंढीखाली एक बाई.

पहिली तीच ओरडली, "काहून हो! दिसून न्हाई राहिलं का? एवढी मोठी बाई!"

दाजी खाली उतरले. मी बाईच्या डोक्यावरची पेंढी उतरवून घेतली, तिला बांधावर बसवलं, पाणी दिलं. लागलं कुठेच नव्हतं. पाणी पिऊन ती शांत झाली आणि दाजींकडे पाहत जे बोलली त्यानं मी आणखीच गोंधळले.

"मी थांबले व्हते की. तुमचं तोंड माझ्याकडंच व्हतं. मला वाटलं तुमी पाहून राहिले, जाऊ द्याल. म्हून तर आले मी."

दाजींनी पेंढी तिच्या डोक्यावर परत चढवून दिली आणि ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.

मी गाडीच्या मागे गेले. वायर भोकातून निघून खाली लोंबत होती.

इथे मी बराच वेळ उभी राहिले. वायर आधीच निघाली असेल तर चित्र गेलं असणार, गाडीला बॉयलर माहीत नसणार, आणि ब्रेक गाडीनं मारला. पण वायर त्या धक्क्यानं निघाली असेल, तर आधी चित्र होतं, गाडी स्वतःहून थांबणारच नव्हती, आणि ब्रेक दाजींनी मारला. टूं टूं वाजलं होतं का? मला आठवेना. चित्र होतं का? मी डब्यात पाहत होते. ज्यासाठी मी चिपळूणहून इतक्या लांब आले, तेवढा एकच क्षण मी पाहिला नव्हता.

दाजी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही वायर पाहिली.

"शालन, पाय माझाच व्हता ना?"

"दाजी, मी पाहिलं नाही."

"मला बी आठवून न्हाई राहिलं." ते खाली रस्त्यावर, गाडीच्या सावलीत बसले. "ती बाई मला कवा दिसली तेच आठवंना. थांबल्यावर दिसली का आधी? पाय तर ब्रेकवरच व्हता, उतरताना बघितला मी. पण त्यो आधी गेला का मागून?"

मी त्यांच्या शेजारी बसले. कॅनॉलच्या पाण्याचा आवाज येत होता.

"महेशनं धाडलं ना तुला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. खोटं कशाला बोलू?

"काय सांगशील त्याला?"

"मला काही कळलं नाही, असं सांगीन. खरंच कळलं नाही."

"मग तेच सांग. आत्ता लाव फोन, माझ्या पुढ्यात."

मी लावला. महेशला घडलं तसं सगळं सांगितलं, बाई, पेंढी, वायर, डबा, सगळं, आणि शेवटी म्हणाले की ब्रेक कुणी दाबला ते मला माहीत नाही. तो काही म्हणायच्या आत दाजींनी फोन घेतला.

"मह्या, मी डोळे दाखवून येतो," ते म्हणाले. "गाडीचं मागून बघू."

घरी पोचायला फार वेळ लागला. दाजींनी गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली आणि मी सारखी सांगत राहिले: डावीकडे सायकल, डावीकडे म्हैस, पुढे मोकळं. ताईला सगळं सांगितल्यावर ती दाजींवर रागावली नाही, माझ्यावर रागावली. "मह्यानं तुला सांगितलं, तू मला काहून न्हाई सांगितलं? मी काय परकी हाय?" त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी चहा देताना बोलली.

पुन्हा नांदेड

डोळ्यांच्या दवाखान्यात दाजींना एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत कुठे कुठे बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. बाहेर बसून आम्हाला फक्त बटणाचा आवाज येत होता. मधेच तो बराच वेळ येत नसे. ताई माझा हात धरून बसली होती. आवाज थांबला की ती घट्ट धरायची.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेलीय, डावीकडची जास्त. गेली ती परत येणार नाही, आहे ती थेंब घालून राखायची.

"पण मला काळंबिळं काही दिसत न्हाई तिकडं," दाजी म्हणाले. "रस्ता दिसतो की बराबर."

"तेच तर आहे, काका," त्या म्हणाल्या. "जिथं दिसत नाही तिथं डोकं स्वतःच रस्ता भरून टाकतं. म्हणून माणसाला कळत नाही."

मला हातगाडी आठवली, शंकररावांचे खांब आठवले. ते डावीकडचे. मग सगळं सुटल्यासारखं वाटलं, पण तेही क्षणभरच. केळीचं पान तर अगदी समोर होतं. सावलीत खरंच काही नव्हतं. आणि ज्याला असलेली बाई दिसत नाही त्याला नसलेला बैल कसा दिसला? मी डॉक्टरीणबाईंना बैलाचं विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "बैल असेलही, काकू." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

येताना आम्ही भाड्याची गाडी केली. दाजींनी पिकअपची किल्ली ताईच्या हातात दिली. तिनं ती कमरेला खोचली. शेजारच्या दत्तानं हंगामभर गाडी चालवायचं कबूल केलं. बॉयलरवर मात्र दाजीच राहणार; हळद शिजली की नाही हे बोटाला कळतं, त्याला कडेची नजर लागत नाही.

मी चिपळूणला परत आले. परवा दाजींचा फोन आला होता. हंगाम उरकत आला म्हणाले, थेंब वेळच्या वेळी घालतो म्हणाले.

"गाडी कशी चाललीय?" मी विचारलं.

"दत्त्या बरा चालवतो, जरा जोरात. मी डाव्या बाजूला बसून राहतो. समोर काही आलं की माझा पाय खाली दाबला जातो. तिथं काहीच न्हाई, नुसतं रबर हाय. पण दाबला की गाडी थांबते, शालन."

"दत्ता थांबवत असेल."

"त्यो म्हंतो, मी न्हाई."

"मग गाडी थांबत असेल. चित्र असतं का तेव्हा?"

"कवा असतं, कवा नसतं. आमी दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहतो."

"पण थांबते ना दर वेळी?"

"थांबते की," दाजी म्हणाले. "त्याची काही तकलीफ न्हाई."